धावणारे पाय आणि थंड पाणी



पुणे-सोलापूर रस्त्यावरचे टेंभुर्णी हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी एस.टी.च्या खिडकीतून तरी पाहिलेले असेल. पंढरपूरला आणि कुर्डुवाडीला जाणाऱ्या वाटा इथे फुटतात. उजनीचे धरण जवळच आहे. पेशवाईच्या उतरत्या काळातले मुत्सद्दी सदाशिव माणकेश्वर यांचे नाव या गावाशी जोडलेले आहे, आणि माढे तालुक्यातले हे बाजाराचे गाव आजही रात्रंदिवस जागे असते. पण पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास या भागातल्या कोणत्याही रस्त्याला तुम्ही उभे राहा, तुम्हाला एक वेगळेच दृश्य दिसेल. शेतकऱ्यांची, मजुरांची पोरे आणि पोरी धावत असतात. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते. सोळाशे मीटरच्या त्या धावण्यावर घरच्या चार माणसांच्या आशा टांगलेल्या असतात.

ही पोरे हल्ली एक नवीनच गोष्ट विचारू लागली आहेत. धावून पाय भरून आले म्हणजे बर्फाच्या पाण्यात बसावे म्हणतात, ते खरे काय? मोठमोठे धावपटू तसे करतात, मग आम्हीही करावे काय? प्रश्न शरीराचा आहे, आणि मी इतिहासाचा माणूस. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्या रस्त्यावरून गेलेला आहे. म्हणून आज थोडे त्याविषयी बोलू.

धावणे हा आपल्याकडे मुळात खेळ नव्हता, ते पोटाचे काम होते. मराठेशाहीत बातमी आणणारे जासूद आणि पत्रे पोचवणारे कासीद हा एक वर्गच होता. राज्य तलवारीवर चालते असे आपण म्हणतो, पण तलवार कुठे उगारायची हे कळायला आधी बातमी यावी लागते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. नानासाहेब पेशवे त्या वेळी माळव्यात भेलशाजवळ होते. एका सावकाराच्या कासिदाजवळचे पत्र २४ जानेवारीला त्यांच्या हाती आले आणि त्यातून सर्वनाशाची वार्ता कळली. पानिपत ते भेलसे हे अंतर सरळ रेषेनेच साडेसहाशे किलोमीटर भरते. दहा दिवसांत एवढे अंतर कापणाऱ्या त्या पत्रामागे किती पाय शिणले असतील, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

पुढे इंग्रजी अमलात टपालाचे हरकारे आले. खांद्यावर थैली, हातात घुंगरू बांधलेली काठी किंवा भाला. घुंगरांचा आवाज आला की वाट मोकळी करायची. आता यातली मेख लक्षात घ्या. एकच हरकारा सगळी वाट धावत नसे. काही मैलांचा टप्पा संपला की तो थैली दुसऱ्याच्या हाती देई आणि विसावा घेई. थकलेल्या पायांवरचा पहिला आणि सगळ्यांत जुना उपाय हाच. त्याला बर्फ लागत नाही, पैसा लागत नाही; लागतो तो विसावा.

दुसरी परंपरा वारीची. आळंदी-देहूहून निघालेला वारकरी अठरा-वीस दिवस चालून पंढरपूर गाठतो. वारीत मुक्कामाच्या ठिकाणी काय चालते, हे तुम्ही पाहिलेच असेल. गावकरी परातीत कोमट पाणी घेऊन येतात, कोणी तेल चोळतो, कोणी तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवतो. चंद्रभागेचे स्नान आहे, पण ते मुक्कामाला पोचल्यावरचे, भक्तीचे. रोजच्या शिणावर मात्र आपल्या माणसांनी ऊब, तेल आणि दुसऱ्याचा मायेचा हात हाच इलाज मानला.

तालमीतही तेच. कोल्हापूर-सांगलीकडची तालीम असो की आपल्या गावची चार पत्र्यांची, मेहनत झाली की मालीश ठरलेली. ‘घाम जिरल्याशिवाय अंगावर पाणी घेऊ नको’ असे वस्ताद बजावत. आयुर्वेदातही, अष्टांगहृदयात, मानेखालच्या अंगाला ऊन पाणी बळ देते आणि डोक्यावर ऊन पाणी घेऊ नये, असा विचार सांगितला आहे. सारांश, मेहनतीनंतर गार पाण्यात जाऊन बसणे ही आपल्या देशी रिवाजातली गोष्ट नव्हे.

मग ती आली कोठून? याचे उत्तर दोन वाटांनी द्यावे लागेल. एक वाट बर्फाची आणि दुसरी जलोपचाराची.

बर्फाची गोष्ट मोठी गमतीची आहे. मोगल बादशहांसाठी हिमालयातून बर्फ खाली आणला जाई, हे आपण वाचलेले असते. पण सामान्य बाजारात बर्फ आला तो थेट अमेरिकेहून! फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली तळ्यांवर गोठलेला बर्फ कापून एका जहाजात भरला आणि तो कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. १८० टन बर्फ निघाला आणि सुमारे १०० टन पोचला. पुढल्याच वर्षी मुंबईलाही असा बर्फ आला. तो साठवण्यासाठी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे बर्फघरे बांधली गेली. मद्रासची ती इमारत आजही उभी आहे. पुढे स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तिथे झाला, म्हणून आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. असा हा बर्फ साहेबाच्या पेल्यात पडे, श्रीमंताच्या मेजवानीत मिरवे आणि डॉक्टराच्या हातून तापाच्या रोग्याच्या कपाळावर जाई. धावणाऱ्या हरकाऱ्याच्या पायांना तो कधी लागला नाही. कारखान्यात यंत्राने बर्फ बनू लागला तेव्हा कुठे तो स्वस्त झाला. आज भिगवण-इंदापूरकडची उजनीच्या पाण्यातली मासळी बर्फात घालूनच बाजाराला जाते.

दुसरी वाट जलोपचाराची. एकोणिसाव्या शतकात युरोपात पाण्याने रोग बरे करण्याची एक मोठी चळवळच झाली. ऑस्ट्रियाच्या राज्यात प्रीसनिट्स, बव्हेरियात पाद्री क्नाइप, लाइपझिगमध्ये लुई कुने अशी एकामागून एक मंडळी निघाली. यांपैकी कुने यांचे कटिस्नान महात्मा गांधींना फार पटले. थंड पाण्याच्या टबात कमरेपर्यंत बसायचे आणि पाय बाहेर ठेवायचे, असा तो प्रकार. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४२ ते १९४४ या काळात कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर जी प्रकरणे लिहिली, त्यांत हे कटिस्नान आहे आणि ताप उतरवण्यासाठी ओल्या चादरीत गुंडाळण्याचा उपचारही आहे. ती ओली चादर जरा ध्यानात ठेवा, तिचे काम आपल्याला पुढे पडणार आहे.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला येऊन राहिले, आणि त्याच वर्षी तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. मणिभाई देसाई यांनी पुढे आयुष्यभर तो सांभाळला. उरुळी कांचन कुठे आहे? आपल्याच पुणे-सोलापूर रस्त्यावर. म्हणजे पाण्याच्या टबात बसून शरीर सुधारण्याची कल्पना ज्या हमरस्त्याच्या एका टोकाला रुजली, त्याच रस्त्याच्या कडेला आज आपली पोरे धावत आहेत.

आता धावण्याच्या खेळाकडे वळू. १९१९-२० च्या सुमाराची गोष्ट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी खेड्यांतली पोरे अनवाणी धावताना पाहिली. त्या पोरांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फारशा मागे नव्हत्या. टाटांनी मनावर घेतले, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा एक लहानसा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी गार, पावसाळी हवेत मॅरेथॉन झाली. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटरच्या आसपास होते. फिनलंडच्या कोलेहमाइननने ती जिंकली, आणि आपले चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. पहिल्याच खेपेला, परक्या हवेत, परक्या अन्नावर एकोणिसावा क्रमांक! शाळेत ऑलिंपिकचा धडा शिकवताना गुरुजींनी हे नाव मुलांना जरूर सांगावे.

बर्फाच्या टबाची साथ खेळाडूंत पसरली ती यानंतर पुष्कळ वर्षांनी. १९७८ साली अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी दुखापतीवर विसावा, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे असे चार उपाय एका सूत्रात सांगितले, आणि ते सूत्र जगभर पाठ झाले. पुढे २००२ मध्ये इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांनी म्युनिकला दहा हजार मीटरची शर्यत जिंकली आणि आपल्या बर्फस्नानाचा उल्लेख केला. झाले! जो तो टब शोधू लागला. मौज अशी की, ज्या मर्किनसाहेबांनी बर्फाचे सूत्र दिले, त्यांनीच पुढे आपले मत बदलले. बर्फाने वेदना कमी होते, पण शरीराच्या स्वतःच्या भरून येण्याच्या क्रियेला तो उशीरही करू शकतो, असे ते म्हणू लागले.

तर मग शास्त्र काय म्हणते? आधी एक गैरसमज दूर करू. धावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या दुखतात, ते स्नायूंत आम्ल साचल्याने, असे अजून पुष्कळ ठिकाणी शिकवले जाते. ते आम्ल तास-दीड तासात निघून जाते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे असते सवयीपेक्षा जास्त ताण पडल्याने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचे. शरीर ती इजा दुरुस्त करते, आणि दुरुस्त करताना स्नायू पहिल्यापेक्षा बळकट करते. शेताचा बांध फुटला म्हणजे आपण तो पुन्हा घालताना जरा जाड घालतो, तसेच.

थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात, मज्जातंतू मंदावतात आणि वेदना बोथट होते. २०१२ साली १७ लहान प्रयोगांचा एकत्र विचार झाला. त्यांत ३६६ माणसे होती. नुसते बसून राहण्यापेक्षा थंड पाण्यात बसलेल्यांचे दुखणे पुढले काही दिवस कमी राहिले, असे त्यात दिसले. पण २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातून दुसरी बाजू पुढे आली. बारा आठवडे वजनाची मेहनत करणाऱ्या २१ पुरुषांपैकी जे दर वेळी दहा मिनिटे बर्फासारख्या पाण्यात बसले, त्यांचे स्नायू हलका व्यायाम करून थंडावणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. म्हणजे दोन दिवसांत दोन शर्यती असतील तर थंड पाणी कामाचे. पण महिनोन्‌महिने अंग कमवायचे असेल, तर रोजचा बर्फ म्हणजे बांध घालणाऱ्या गड्याचाच हात धरण्यासारखे.

तरीही कोणाला करून पाहायचेच असेल, तर त्याने चार गोष्टी पाळाव्यात. हृदयविकार, रक्तदाब किंवा दमा असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पाणी १० ते १५ अंशांचे असावे, त्याखाली नको. पाय आणि कंबर एवढीच पाण्यात घालावीत, तीही सावकाश. डोके बुडवू नये. पहिल्या एक-दोन मिनिटांत छातीत धस्स होते आणि श्वास वर ओढला जातो. तो पाण्याचा धक्का असतो. त्या वेळी घाबरून न जाता लांब श्वास सोडत राहावे, म्हणजे तो ओसरतो. दहा मिनिटे पुष्कळ झाली. हुडहुडी भरली किंवा पाय बधिर झाले तर त्याआधीच बाहेर यावे, अंग कोरडे करावे आणि कपडे घालावेत. आणि एकट्याने कधीही नाही. धावून आल्या-आल्या विहिरीत किंवा कालव्यात उडी टाकणे म्हणजे तर सरळ धोका. दमलेल्या हातापायांना पोहण्याचे त्राण नसते.

गणिताच्या गुरुजींसाठी एक उदाहरण देतो. आपल्याकडे विहिरीचे पाणी साधारण २६ अंशांच्या आसपास असते, म्हणून तर ते हिवाळ्याच्या पहाटे कोमट लागते. शंभर लिटर पाणी २६ वरून १५ अंशांवर आणायचे, तर अकराशे किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी घेतो आणि त्याचे पाणी १५ अंशांपर्यंत तापताना आणखी १५ घेते, एकूण ९५. म्हणजे जवळजवळ बारा किलो बर्फ झाला. रोज बारा किलो बर्फ विकत घेण्यापेक्षा तेच पैसे दूध, शेंगदाणे, अंडी यांवर घातले आणि रात्री आठ तास झोप काढली, तर पायांचे अधिक भले होईल.

माझ्या मते थंड पाण्याचे खरे काम दुखऱ्या पोटऱ्यांसाठी नाहीच. ते वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तिथे प्रश्न जिवाचा आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्यात काही तरुण उमेदवार कोसळले आणि दगावले. पुढे अंतराचे नियम बदलले. आता पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पण ऊन तेच आहे, आणि काहीही करून पास व्हायचेच ही जिद्दही तीच आहे. अशा वेळी माणसाला उष्माघात होऊ शकतो. अंगातली उष्णता चाळीस अंशांपुढे जाते. माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, भांडू लागतो किंवा कोसळतो. अंगाला घाम असला तरी उष्माघात नाही असे समजू नका. धावणाऱ्याला घामासकट उष्माघात होतो.

अमेरिकेत फॅल्मथ नावाच्या गावी दर उन्हाळ्यात एक शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत अशा २७४ धावपटूंना मैदानाजवळच बर्फाच्या पाण्याच्या टबात घालण्यात आले, आणि त्यांतला एकही दगावला नाही. दोनशे चौऱ्याहत्तरपैकी दोनशे चौऱ्याहत्तर वाचले! त्यांचा नियम साधा आहे: आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. पहिला अर्धा तास सोन्याचा. आपण मात्र पोराला जीपमध्ये घालतो आणि तापत्या पत्र्याखालून वीस-पंचवीस किलोमीटर नेतो. तो अर्धा तास रस्त्यातच सरतो.

म्हणून टेंभुर्णीच्या आणि आसपासच्या गावच्या गुरुजींना, तालमीच्या वस्तादांना आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. धावण्याची चाचणी असेल त्या दिवशी मैदानाच्या कडेला, सावलीत पाण्याची सोय ठेवा. टब नसला तर आडवे कापलेले टिपाड चालेल, जनावरांच्या पाण्याचा हौद चालेल. बर्फाच्या चार लाद्या पोत्यात गुंडाळून ठेवा. बर्फ नसला तर विहिरीचे साधे पाणीही मोठे काम करते, कारण तापलेल्या अंगापेक्षा ते पुष्कळ थंड असते. हौद नसेल तर ती ओली चादर आठवा: चादरी बर्फाच्या पाण्यात भिजवून अंगभर गुंडाळा, सारख्या बदला, वारा घाला, आणि मानेला, काखेत, जांघेत बर्फ कपड्यात बांधून ठेवा. हौदात घातल्यावर दोघांनी काखेत धरून डोके वर ठेवावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. एकाने १०८ ला फोन करावा, बाकीच्यांनी थंड करणे थांबवू नये. चाचणी पहाटे घ्या, आणि ताप किंवा जुलाब असलेल्या पोराला त्या दिवशी धावू देऊ नका.

आपल्या मातीत धावणारे पाय कमी नाहीत. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत उतरल्या आणि दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचे अविनाश साबळे महार रेजिमेंटमधून सियाचीनच्या बर्फात पहारा देऊन आले, मग धावू लागले, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन आले. सोन्यात आणि त्यांच्यात सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाचे फक्त पाच हिस्से उरले होते. ही दोघेही दुष्काळी टापूतली. त्यांच्या घरी बर्फाचा टब नव्हता. वर्षानुवर्षांची, हळूहळू वाढवलेली मेहनत होती.

तेव्हा पोरांनो, पाय दुखले तर दुखू द्या, एक दिवस चालण्यावर काढा, तेल लावा, जेवा आणि झोपा. आणि गुरुजी, बर्फ जरूर आणा. पण तो पोरांच्या हौसेसाठी नव्हे, मैदानावर पहारा देण्यासाठी आणा. तो न वापरता वितळून गेला, तर त्या दिवशी बारा किलो बर्फ फुकट गेला असे म्हणू नका. सगळी पोरे आपापल्या पायांनी घरी गेली, असे म्हणा.